मोमिजीचं खुंट

चार वर्षांपूर्वी, मार्चच्या सुरुवातीला, शेजारच्या आजोबांनी मला एक खुंट दिलं. आम्ही जपानात, सैतामामधल्या ओमियाला राहतो. आजोबांना कुंपण घालायचं होतं आणि मोमिजी, म्हणजे जपानी मेपल, मध्ये येत होता. मनगटाएवढं जाड, गुडघ्यालाही न पोचणारं खोड, फांदी एकही नाही. कापलेल्या जागेतून पाणी ठिबकत होतं. मला ते मेल्यासारखंच वाटलं. आजोबा म्हणाले, "पाणी येतंय ना? मग मुळं जागी आहेत."

ओमियात असा शेजारी मिळणं नवलाचं नाही. 1923च्या भूकंपानंतर तोक्योतले बोन्साय करणारे माळी चांगली हवा, पाणी आणि मोकळी जागा शोधत इथे आले आणि 1925मध्ये त्यांची वसाहत उभी राहिली. आजही त्या गल्ल्यांतून बोन्सायच्या बागा आहेत.

बोन्साय म्हणजे झाडाला उपाशी ठेवून खुरटवणं, असं मीही समजत होते. ते साफ चूक आहे. आजोबांनी खुंट खोलगट लाकडी खोक्यात लावायला लावलं, अकादामा नावाच्या लाल दाणेदार मातीत. खत भरपूर. एप्रिलच्या शेवटी सालीवर बारीक लाल ठिपके दिसले. मेपलच्या खोडावर जुन्या पेरांच्या आडव्या रेघा असतात. तिथेच डोळे फुटतात, एकमेकांसमोर, जोडीजोडीने. म्हणून कापताना पेराच्या थोडं वर कापायचं. वरचा तुकडा वाळतोच.

फुटलेल्या धुमाऱ्यांतला एक जोमदार धुमारा शेंड्यासाठी निवडला, तारेने उभा केला आणि दोन वर्षं मोकळा वाढू दिला. तो माझ्या खांद्याला लागला. कात्री हातात घेऊन मी कितीदा तरी त्याच्यासमोर उभी राहिले असेन! पण खोड जाड होतं ते अशा मोकळ्या वाढीनेच. तार मात्र दर आठवड्याला बघावी लागते. मेपलची साल नाजूक, तार रुतली तर वळ वर्षानुवर्षं जात नाहीत. मग जुन्या खुंटाचं टोक तिरकं कापून जखमेवर लेप लावला. आता कडेने नवी साल चढते आहे, अजून रुपयाएवढी जागा उघडी आहे. गेल्या वर्षी तो धुमाराही आखूड कापला, त्याच्यावर पुढचा. असं टप्प्याटप्प्याने केलं की खोड बुंध्याकडून शेंड्याकडे निमुळतं होत जातं. बारीक फांद्यांचं काम त्यानंतरचं: वसंतात पानांची पहिली जोडी ठेवून पुढचं कोवळं टोक खुडायचं.

सांगलीची माझी बहीण या झाडाची फांदी मागते. मी तिला नको म्हणते, कारण मोमिजीला हिवाळ्यात पानं गाळून थंडीत झोपावं लागतं आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याची पानं करपतात. त्यापेक्षा वड किंवा उंबर घ्या. पावसाळ्याच्या तोंडावर खोड कापा, मोठ्या कुंडीत लावा, पोटभर खत द्या. आणि पहिली तीन वर्षं बोन्सायची उथळ कुंडी विकत आणू नका.