बातमीसुद्धा निवडून घ्या!

बाजारातून डाळ आणली आणि तशीच कुकरला लावली, असं करणारी गृहिणी विरळाच. आता पाकिटात स्वच्छ निवडलेली डाळ मिळते. तरी ताटात पसरून एकदा हात फिरवल्याशिवाय आपलं समाधान होत नाही. एखादा खडा राहिलाच तर तो कुणाच्या तरी दाताखाली येणार आणि बोल आपल्यालाच लागणार, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं.

पण हाच हात दुपारी मोबाइलवर फिरतो तेव्हा काय होतं? ‘अमुक पाल्याचा रस घ्या, तमुक रोग मुळापासून जातो.’ ‘उद्यापासून तीन दिवस पाणी बंद.’ ‘मुलं पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा.’ वाचलं न वाचलं तोच मजकूर माहेरच्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर, मुलांच्या शाळेच्या ग्रुपवर रवाना! न निवडता, न पाखडता.

गंमत अशी, की बातम्यांची निवड कशी होते, याचा अभ्यास आज वृत्तपत्रविद्येच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. पण त्यातली मूळ कल्पना जन्मली ती मात्र स्वयंपाकघरात.

शास्त्रज्ञ स्वयंपाकघरात

कुर्ट लेविन हे मूळचे जर्मनीतले मानसशास्त्रज्ञ. ते ज्यू होते. हिटलरची राजवट आली आणि १९३३ मध्ये देश सोडून ते अमेरिकेला गेले. पुढे दुसरं महायुद्ध पेटलं. तिथलं चांगलं मांस सैन्याकडे जाऊ लागलं, तेव्हा घरोघरच्या लोकांनी प्राण्यांचं हृदय, गुर्दे असे एरवी बाजूला टाकले जाणारे भाग खावेत, असं सरकारला वाटू लागलं. (शाकाहारी भगिनींनी नाक मुरडू नये, मुद्दा पुढेच आहे!) लोकांच्या खाण्याच्या सवयी बदलायच्या कशा, हे शोधण्याच्या कामात लेविन होते.

त्यांनी पाहिलं, की अन्न घरात येतं ते निरनिराळ्या वाटांनी. काही दुकानातून, काही परसबागेतून, काही साठवणीच्या बरण्यांतून. पण या बहुतेक वाटांवर एकच व्यक्ती उभी असते, ती म्हणजे घरची बाई. ती जे आत घेईल तेच पानात पडणार. तेव्हा समजूत घालायची ती तिची. अशा दारावर उभ्या असलेल्या माणसाला त्यांनी ‘गेटकीपर’ म्हटलं. आपण द्वारपाल म्हणू या. बातम्यांचा प्रवासही अशाच दारांमधून होतो, हे लेविन यांनी १९४७ मध्ये लिहून ठेवलं. त्याच वर्षी ते वारले.

बातमीचा द्वारपाल

हा धागा डेव्हिड मॅनिंग व्हाइट यांनी पुढे नेला. १९४९ च्या फेब्रुवारीत एका अमेरिकन दैनिकाच्या संपादकाला त्यांनी विनंती केली, की आठवडाभर ज्या बातम्या तुम्ही नाकाराल त्या टाकून देऊ नका. का नाकारल्या ते त्यावर लिहा. या संपादकाचं खरं नाव झाकून व्हाइट यांनी त्यांना ‘मिस्टर गेट्स’ म्हटलं. तारेने आलेल्या मजकुरापैकी जेमतेम एक दशांश छापला गेला, बाकी सगळा टोपलीत! कारणं काय, तर ‘जागा नाही’, ‘कंटाळवाणं आहे’, ‘हा प्रचार आहे’. काही कारणं रास्त, तर काही नुसती आपल्या आवडीनिवडीची.

आपल्याकडेही वर्तमानपत्रं, आकाशवाणी आणि २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबईत सुरू झालेलं दूरदर्शन या साऱ्यांच्या दारात असा कुणीतरी बसलेला असे. त्याची निवड नेहमी निर्मळ होती असं मुळीच नाही. बायकांच्या प्रश्नांना कितीदा कोपऱ्यातली जागा मिळाली, हे आपण जाणतोच. पण चूक झाली तर जाब विचारायला एक ठिकाण तरी होतं.

मोबाइलने ते दार मोडलं, असं सगळे म्हणतात. मला वाटतं, मोडलं नाही. ते तुमच्या-माझ्या हाती आलं. द्वारपाल आता आपणच आहोत. आणि द्वारपाल झोपला तर काय होतं, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे.

राईनपाड्याचा रविवार

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा गाव, आठवड्याचा बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागत तिथे आली होती. मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे निरोप त्याआधी कितीतरी दिवस मोबाइलवरून फिरत होते. लोकांना संशय आला आणि जमावाने त्या पाचही जणांना मारून टाकलं. त्यांनी कुणाचंही मूल पळवलं नव्हतं.

त्या काळात भारतभर फिरलेली एक चित्रफीत तर चक्क कराचीतली होती. मुलांना जपा, असं सांगण्यासाठी तिथल्या एका संस्थेने ती बनवली होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे मूल उचलतात आणि शेवटी ते परत आणून ठेवतात. तो शेवटच कुणीतरी कापला होता!

ते निरोप पुढे ढकलणारे सगळे काही दुष्ट नव्हते. कितीतरी आयांनी ते काळजीपोटीच पाठवले असतील. ‘खरं असलं तर? पाठवलेलं बरं,’ एवढाच विचार. पण डाळीतला खडा दात दुखवतो, इथे पाच घरं उजाड झाली.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा भारतात घातली. एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असं केलं. पण ही झाली कंपनीची चाळणी. आपल्या हाताचं सूप आपणच धरायला हवं.

निवडायचं कसं?

० निरोपावर दोन बाणांची खूण असेल, तर तो बऱ्याच हातांतून फिरून आलेला आहे. पाठवणारी आपली सख्खी नणंद असली, तरी मजकूर तिचा नव्हे.

० गाव कुठलं, तारीख कोणती, सांगणारा कोण, हे तीन प्रश्न विचारा. ‘उद्या पाणी बंद’ यातला ‘उद्या’ मागच्या वर्षीचाही असू शकतो!

० ‘लगेच दहा जणींना पाठवा’ असं बजावलेलं असेल, तर आधी थांबा. खऱ्या बातमीला अशा शपथा घालाव्या लागत नाहीत.

० औषधाचा सल्ला डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणाला देऊ नका, स्वतः करूनही पाहू नका.

० खात्री होत नसेल तर निरोप आपल्यापाशीच थांबवा. शंका आलेली भाजी आपण शेजारी वाटतो का?

भाषण नको, गप्पा हव्यात

‘आम्ही निवडू हो, पण मामंजी सकाळपासून पाठवत असतात, त्यांना कोण सांगणार?’ असं तुम्ही म्हणाल. सगळ्यांसमोर ‘हे खोटं आहे’ म्हटलं, की घरात धुसफूस सुरू होते.

इथे पुन्हा लेविन उपयोगी पडतात. गृहिणींचं मन वळवण्यासाठी त्यांनी काही गटांना छानसं व्याख्यान ऐकवलं. बाकीच्या गटांत बायकांना आपसात चर्चा करू दिली आणि शेवटी, कोण करून पाहणार, म्हणून हात वर करायला सांगितले. नंतर चौकशी केली तेव्हा, कधी न केलेला पदार्थ व्याख्यान ऐकलेल्या शंभरात तिघींनीच करून पाहिला होता. चर्चा केलेल्या शंभरात बत्तीसजणींनी!

म्हणून मामंजींना ग्रुपवर धडा देऊ नका. चहाच्या वेळी जवळ बसा, ‘हे खरं असेल का हो?’ असं त्यांनाच विचारा, दोघं मिळून शोधा. आणि पुढच्या भिशीला, बचत गटाच्या बैठकीला किंवा हळदीकुंकवाला हा विषय जरूर काढा. कुणाकुणाला काय काय आलं, त्यातलं खोटं काय निघालं, याच्या गप्पा रंगतील, हसूही येईल. मग उठण्यापूर्वी विचारा : ‘न निवडलेली बातमी पुढे पाठवायची नाही. कबूल असेल त्यांनी हात वर करा!’