केमो चालू असताना चालायचे किती?

कर्करोगाच्या उपचारांदरम्यान शरीर हलते ठेवण्याचा प्रश्न जून २०२५ मध्ये ‘चॅलेंज’ चाचणीचे निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आल्यावर एकदम पहिल्या पानावर पोहोचला. आकडे खरोखरच दखल घेण्याजोगे आहेत. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ८८९ रुग्ण, त्यातले बहुतेक कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले. व्यायाम करणाऱ्या गटातले ९०.३ टक्के आठ वर्षांनी हयात होते, तर दुसऱ्या गटातले ८३.२ टक्के. मात्र बातम्यांच्या घाईत दोन गोष्टी मागे पडल्या. हे सर्व रुग्ण शस्त्रक्रिया आणि केमो पूर्ण झालेले होते. आणि दुसरा गटही अगदी वाऱ्यावर सोडलेला नव्हता. व्यायाम व आहार यांची माहितीपत्रके त्यालाही मिळाली होती.

ही दुसरी गोष्ट जास्त मोलाची आहे. दोन्ही गटांना व्यायाम चांगला हे सांगितले गेले होते. फरक होता तो सोबतीचा. पहिल्या गटातल्या प्रत्येकाला एक प्रशिक्षक होता. त्याची भेट पहिले वर्ष दर पंधरवड्याला आणि पुढची दोन वर्षे महिन्यातून एकदा ठरलेली होती. उद्दिष्टही मोजके होते: असलेल्या हालचालीत आठवड्याला साधारण अडीच तासांच्या भरभर चालण्याइतकी भर घालायची. चालायचे, पोहायचे की सायकल चालवायची, हे रुग्णाने ठरवायचे. त्याची किंमतही नोंदलेली आहे. स्नायू आणि सांध्यांच्या तक्रारी व्यायामगटात १८.५ टक्के होत्या, तर दुसऱ्या गटात ११.५ टक्के. व्यायाम औषधासारखा काम करत असेल, तर त्याचा डोस ठरवणारा आणि दुष्परिणाम पाहणारा माणूसही हवाच.

प्रत्यक्ष केमो चालू असतानाची कहाणी याहून जुनी आहे. ‘आता फक्त आराम करा’ हा सल्ला विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जगभर सर्रास दिला जाई, आणि आपल्याकडच्या घरांत तो आजही मायेपोटी दिला जातो. त्याला पहिला भक्कम धक्का दिला अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या परिचारिका-संशोधकांनी. मेरिल विनिंगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगासाठी केमो घेणाऱ्या स्त्रियांना एका जागी स्थिर असलेल्या सायकलवर बसवले. आठवड्यातून तीनदा, दहा आठवडे, नाडी मोजत आणि थोडा वेळ जोर, थोडा वेळ उसंत देत हा व्यायाम चालला. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या स्त्रियांची कार्यक्षमता सुमारे ४० टक्क्यांनी वाढलेली दिसली, तीही केमोचे उपचार चालू असताना. रुग्णाच्या थकव्याचा काही भाग आजाराचा, काही औषधाचा आणि काही निव्वळ पडून राहण्याचा असतो, हे त्या सायकलने दाखवून दिले. यातला शेवटचा भाग माणसाच्या हातात असतो.

कारण शरीरशास्त्रातच आहे. अंथरूण धरले की मांड्यांचे स्नायू काही दिवसांतच झिजू लागतात. मग जिना चढताना धाप लागते, धाप लागते म्हणून हालचाल आणखी कमी होते आणि थकवा वाढतच जातो. हे चक्र विश्रांतीने तुटत नाही. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या ‘ॲस्को’ या संघटनेने २०२२ मध्ये याच आधारावर शिफारस केली की, बरे करण्याच्या हेतूने उपचार चालू असलेल्या प्रौढांना चालण्यासारखा दमसासाचा आणि वजनांचा असे दोन्ही व्यायाम सांगावेत. त्यामुळे थकवा कमी होतो, दम आणि ताकद टिकते. उपचार चालू असताना केलेल्या व्यायामाने आयुष्य वाढते, असा दावा मात्र त्यात नाही, आणि तो आज कोणी करूही नये. केमोचे ठरलेले डोस पूर्ण पार पडतात, असे कॅनडातल्या २००७ च्या एका चाचणीत वजने उचलणाऱ्या गटात दिसले होते; पुढच्या सगळ्या चाचण्यांत ते तसेच दिसले नाही.

वजनांबद्दलची भीती आपल्याकडे फार खोल आहे. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या की हाताला सूज येऊ शकते, म्हणून त्या हाताने पिशवीसुद्धा उचलू नये, असे पिढ्यानपिढ्या सांगितले गेले. संशोधक कॅथरिन श्मिट्झ यांनी हात आधीच सुजलेल्या १४१ स्त्रियांवर हे तपासून पाहिले. हातावर घट्ट बाही चढवायची, अगदी हलक्या वजनापासून सुरुवात करायची आणि हळूहळू चढत जायचे. २००९ मध्ये आलेला निष्कर्ष असा : सूज वाढली नाही, उलट ती बळावण्याचे प्रसंग वजने न उचलणाऱ्या गटापेक्षा कमी झाले. घागर, बादली आणि पोळपाट-लाटण्यात दिवस जाणाऱ्या बाईसाठी हा निष्कर्ष कोणत्याही गोळीइतका कामाचा आहे.

भारतीय पुरावा थोडा आहे, पण आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने स्तनाच्या कर्करोगाच्या ८५० रुग्णांवर योगाची चाचणी घेतली आणि तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये मांडले.

थांबायचे कधी, हेही तितकेच स्पष्ट हवे. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर व्यायाम बंद आणि डॉक्टरांना तत्काळ फोन. प्लेटलेट्स फार खाली असतील तर पडण्याची किंवा मार लागण्याची शक्यता असलेले काहीही नको. पांढऱ्या पेशी घटल्या असताना गर्दीची जिम टाळावी, घरातल्या घरात किंवा मोकळ्या जागी चालावे. पायांना मुंग्या येऊन संवेदना कमी झाली असेल तर भिंतीचा किंवा कठड्याचा आधार हवा. छातीत दुखले, चक्कर आली, बसल्या जागी धाप लागली तर लगेच थांबून दाखवून घ्यावे. आजार हाडांत पसरला असेल तर आधी तज्ज्ञाचा सल्ला, मगच व्यायाम. जोर किती लावायचा याची साधी खूण म्हणजे चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये.

सुरुवात दहा मिनिटांनी केली तरी चालते. सलाईननंतरचे दोन-तीन दिवस वाईट जातात, तेव्हा घरातल्या घरात फेऱ्या आणि खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याच्या काही आवर्तनांवर भागवावे, आणि पुढच्या सलाईनआधीच्या बऱ्या दिवसांत वेळ वाढवावा. हे वेळापत्रक रुग्णाने एकट्याने जुळवू नये. फाइलीत औषधांच्या यादीखाली व्यायामाची एक ओळ, त्यापुढे मिनिटे आणि फिजिओथेरपिस्टच्या पुढच्या भेटीची तारीख, एवढे प्रत्येक कर्करोग विभागाला आजही करता येण्याजोगे आहे; आणि ते होत नसेल तर पुढच्या तपासणीला रुग्णाने किंवा नातेवाइकांनी आग्रहाने मागून घ्यावे.