साबण दीड रुपयाचा, ऊन पाणी पाच रुपयांचं

१०० ग्रॅमची, ४० रुपयांची साबणाची वडी एका माणसाला साधारण चार आठवडे पुरते. म्हणजे एका आंघोळीला साबण लागतो जेमतेम दीड रुपयाचा. त्याच आंघोळीचं पाणी केवढ्याला पडलं, हे सहसा कुणी विचारत नाही. एक लिटर पाणी एका अंशानं तापवायला ४.२ किलोज्यूल ऊर्जा लागते आणि विजेच्या एका युनिटात ३,६०० किलोज्यूल असतात. थंडीत नळाला २० अंशांचं पाणी येतं असं धरलं, तर २० लिटरची बादली ४२ अंशांवर न्यायला अर्धं युनिट जातं. वहन आकार, इंधन समायोजन, वीज शुल्क असं सगळं मिळून युनिट १० रुपयांना पडत असेल, तर बादली पाच रुपयांची झाली. शॉवर मिनिटाला आठ लिटर सोडत असेल आणि माणूस त्याखाली पाच मिनिटं उभा राहिला, तर दहा रुपये. गीझरच्या टाकीतून वाया जाणारी उष्णता यात धरलेलीच नाही.

घरगुती सौंदर्यप्रसाधनांतून पैसे वाचवण्याचे सल्ले सध्या रग्गड मिळतात. पण ते बहुतेक सगळे त्या दीड रुपयाच्या मागे लागलेले असतात. अंगाला लागणारी प्रत्येक गोष्ट एका वापराला किती रुपयांना पडते, हे मांडून पाहिलं की चित्र बरंच बदलतं.

साबणाऐवजी डाळीचं पीठ घ्या, हा सल्ला सगळ्यांत जुना. अंगभर चोळायला किमान २५ ग्रॅम पीठ लागतं. किलोला ११० रुपये भावानं ते पावणेतीन रुपयांचं झालं; हळद, दूध, साय वेगळी. म्हणजे साबणाच्या जवळजवळ दुप्पट. केसांचंही तेच. शिकेकाई, रिठा, आवळा यांची कुटून आणलेली पूड ३०० रुपये किलो धरली आणि लांब केसांना एका वेळी ३० ग्रॅम घेतली, तर न्हाणं नऊ रुपयांचं. शाम्पूच्या एक रुपयाच्या दोन पुड्यांत तेच काम होतं. शिकेकाईनं केस छान होतात असं वाटत असेल तर जरूर वापरावी, पण बचत म्हणून नको. गंमत म्हणजे कित्येक शाम्पूंच्या मोठ्या बाटलीतला मिलीलिटर पुडीतल्यापेक्षा महाग असतो. मोठं पाकीट स्वस्त पडतं, हा वाणसामानाचा नियम इथे उलटा चालतो. पुड्यांचा कचरा मात्र वाढतो, आणि तो हिशेब आपल्या खिशातून जात नाही म्हणून दिसत नाही.

घरी साबण करायचा म्हटलं तर? एक किलो खोबरेल तेलाला सुमारे १७५ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. वड्या चार-सहा आठवडे सुकवल्यावर १०० ग्रॅमच्या तेराएक निघतात. २०२५ मध्ये खोबरेल तेलानं ४०० रुपयांची पातळी गाठली, त्या भावानं वडी ३२-३३ रुपयांना पडते. दुकानातल्या वडीमागे सात रुपये वाचले. चौघांच्या घराला महिन्याला चार वड्या, म्हणजे २८ रुपये. आणि त्यासाठी हात भाजणारा, डोळ्यांत उडाला तर दृष्टी घेणारा कॉस्टिक सोडा स्वयंपाकघरात आणायचा. त्यापेक्षा दुकानातल्या वडीच्या वेष्टनावरचा ‘टीएफएम’चा आकडा वाचावा. तो म्हणजे साबणातल्या एकूण स्निग्ध पदार्थाचं प्रमाण. भारतीय मानकांनुसार पहिल्या प्रतीच्या अंगाच्या साबणात ते किमान ७६ टक्के लागतं, दुसऱ्या प्रतीत ७०, तिसऱ्या प्रतीत ६०. ‘बेदिंग बार’ असं लिहिलेल्या वडीला ४० टक्केही चालतात. वडी पाण्यात पडून राहिली की कोणत्याही प्रतीची झिजते. बूड वर उचलणारी जाळीची साबणदाणी हा न्हाणीघरातला सगळ्यांत स्वस्त शहाणपणा आहे.

घरगुती उपाय जिथे खरोखर जिंकतो ती जागा म्हणजे तेल. थंडीत अंगाला लावायचं लोशन मिलीलिटरला एक रुपयाच्या आसपास जातं. चाळीस पैशांच्या खोबरेल तेलानं हातापायांचं काम तितकंच होतं. (चेहऱ्यावर मुरुमं येत असतील तर तिथे नको.) स्वयंपाकाचं खोबरेल आणि डोक्याचं तेल यांत कराची भिंत होती: खाद्यतेलाला ५ टक्के जीएसटी, केसांच्या तेलाला १८. छोट्या बाटलीतलं शुद्ध खोबरेल नेमकं कशात मोडतं, हा वाद वर्षानुवर्षं चालला आणि १८ डिसेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयानं तेही खाद्यतेल धरता येतं असा निकाल दिला. पुढे २२ सप्टेंबर २०२५पासून केसांचं तेल, शाम्पू, टूथपेस्ट, साबणाची वडी, दाढीचं क्रीम हे सगळंच १८वरून ५ टक्क्यांवर आलं. करासकट ११८ रुपयांची वस्तू १०५ला मिळायला हवी, म्हणजे ११ टक्के उतार. महिन्याला हजार रुपये या वस्तूंवर जात असतील तर ११० रुपये बसल्या जागी सुटले. घरी साबण करणाऱ्याच्या २८ रुपयांच्या चौपट.

मोठी गळती एकदा वापरून टाकायच्या वस्तूंतून होते. महिन्याला १५ सॅनिटरी पॅड, एक सात रुपयांचा, असं धरलं तर एका बाईचे वर्षाला १,२६० रुपये. जुलै २०१८पासून पॅडवर जीएसटी नाही, तरी हा आकडा आहे. सिलिकोनचा मेन्स्ट्रुअल कप ४०० रुपयांच्या आसपास मिळतो आणि नीट उकळून वापरला तर दहा वर्षांपर्यंत टिकतो. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये ४३ अभ्यासांचा, सुमारे ३,३०० जणींच्या अनुभवांचा आढावा आला, त्यात तो सुरक्षित आणि पॅडइतकाच भरवशाचा ठरला. सवय व्हायला दोन-तीन पाळ्या जातात आणि प्रत्येकीला तो रुचेलच असं नाही. कापडी पॅडचा पर्याय उरतोच, पण ते उन्हात वाळवायला दोरी आणि आडोसा लागतो, आणि दोन खोल्यांच्या घरात तोच दुर्मीळ असतो.

पुरुषांच्या बाजूला दाढी. अनेक पात्यांची कार्ट्रिज १५० रुपयांना, बारा दाढ्या धरल्या तर दाढीमागे साडेबारा रुपये. जुन्या पद्धतीच्या स्टीलच्या रेझरमध्ये तीन रुपयांचं पातं चार दाढ्या काढतं: पाऊण रुपया. वर्षाला दीडशे दाढ्यांमागे फरक १,७०० रुपयांच्या वर जातो.

टूथपेस्ट मात्र घरी करू नये. दात किडण्यापासून वाचवतं ते फ्लोराइड, आणि आपल्याकडच्या पेस्टमध्ये ते १,००० पीपीएमपर्यंत असतं. मीठ, कोळसा, लिंबू यांत ते नाही. लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास, तो दातांचं आवरण खातो आणि चेहऱ्याला लावून उन्हात गेलं तर कातडी भाजते. तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिश्री तर आपल्याकडे कित्येक बायका दात घासायलाच म्हणून लावतात. पेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२पासून बंदी आहे, पण घरच्या तव्याला ती लागू होत नाही. पेस्टमध्ये बचत आहे ती मापात. जाहिरातीत ब्रशभर लांब वेटोळं दाखवतात, ते दीडएक ग्रॅमचं. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी, म्हणजे पाव ग्रॅम पुरते. मोठ्यांनाही अर्धं वेटोळं रग्गड. १५० ग्रॅमची नळी १०० रुपयांना धरली, तर दोन वेळा घासणाऱ्या चौघांचे महिन्याला १२० रुपये सुटतात.

आता बेरीज. दोन बायका, एक दाढी करणारा, एक मूल अशा घरात कपमुळे वर्षाला अडीच हजारांच्या आसपास, पात्यामुळे १,७००, पेस्टमुळे १,४००, आणि शॉवरऐवजी बादली घेतली तर गरम पाण्याच्या सहा महिन्यांत ३,६००. एकूण नऊ हजारांच्या पुढे. केंद्र सरकारच्या २०२३-२४च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरी भारतात दरमाणशी महिन्याचा खर्च सरासरी ६,९९६ रुपये निघाला. चौघांचा वर्षाचा खर्च झाला ३ लाख ३६ हजारांच्या आसपास. त्यातले हे पावणेतीन टक्के. संसार यानं पालटत नाही, पण एखादं आजारपण आलं की नऊ हजारांना अर्थ येतो. महाराष्ट्रात वीजबिलाचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांना बदलतात आणि गीझर आपलं घर नेमकं वरच्या टप्प्यात नेऊन ठेवतो, म्हणून वाचलेलं युनिट सगळ्यांत महागडंच असतं. कोकणात बंबाखाली सोडणं आणि करवंट्या घालणाऱ्यांना हा हिशेब लागू नाही.

आणि उटणं? साबणाशी तुलना केली तर ते हरतं, पण दिवाळीत त्याची तुलना बाजारातल्या पाकिटाशी होते. काष्ठौषधींच्या दुकानातून नागरमोथा, कचोरा, आंबेहळद, वाळा, गुलाबपाकळ्या मिळून १०० ग्रॅम आणि तितकंच मसुरीचं पीठ घेतलं, तर २०० ग्रॅम उटणं शंभरएक रुपयांत होतं. ५० ग्रॅमचं पाकीट ४० ते ६० रुपयांना मिळतं, त्यामुळे इथे साधारण निम्मे पैसे वाचतात. पूड वस्त्रगाळ करावी, नाहीतर वाळ्याचे तंतू अंगाला टोचतात.