शेंगोळ्यांची चिनी भावंडे

नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत संध्याकाळची पाळी सुटली की रस्त्याच्या कडेला लोखंडी कढया खणखणू लागतात. कोबी, सिमला मिरची, लाल-काळी चटणी आणि लांबच लांब शेवया! पोरे त्याला नुसते ‘चायनीज’ म्हणतात. आठवडे बाजारातही आता भेळभत्त्याच्या शेजारी ही गाडी उभी असते. तुमच्याही घरात एखाद्या नातवाने ‘भाकरी नको, नूडल्स पाहिजेत’ म्हणून हट्ट धरला असेल, आणि आजी मनाशी पुटपुटली असेल, ‘ही कुठली परकी थेरं!’

आजीबाई, रागावू नका. तुम्ही जन्मभर जी हुलग्याची शेंगोळी वळलीत, ती या नूडल्सच्या गणगोतातलीच आहेत. पटत नसेल तर चला, चीनच्या खेड्यांतल्या बाजारातून घरबसल्या एक फेरी मारून येऊ.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्या गाडीवरची चव त्या बाजारात मिळायची नाही. ती घडली आपल्याच देशात. कलकत्त्याला येऊन राहिलेल्या हाक्का समाजाच्या चिनी लोकांनी आपल्या जिभेला रुचेल असा तिखट-मसाल्याचा स्वयंपाक तिथे रुळवला. ‘हाक्का नूडल्स’ हे नाव त्यांचेच.

खुद्द चीनमध्ये मात्र जसा मुलूख तसे धान्य, आणि जसे धान्य तशी शेवई. उत्तरेकडे गहू. गान्सू प्रांतातल्या लानचौ शहराची शेवई नुसत्या हातांनी ताणून करतात. कणकेचा लोळा ताणायचा, दुमडायचा, पुन्हा ताणायचा. एकाचे दोन, दोनाचे चार, असे करता करता आठव्या दुमडीला २५६ धागे होतात. शान्शी प्रांतात कणकेचा घट्ट गोळा एका हातावर धरून दुसऱ्या हाताने सुरीने सपासप काप काढतात, ते थेट उकळत्या पाण्यात पडतात. खाली दक्षिणेला युन्नानमध्ये भाताची खाचरे, म्हणून तिथे शेवई तांदळाची.

आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? घाटावर गव्हाच्या पाटावरच्या शेवया. वऱ्हाडात काडीवर गुंडाळून केलेले पोकळ सरगुंडे, आमरसाबरोबर खायचे. आणि कोकणात तांदळाच्या उकडीचे, साच्यातून पाडलेले शिरवाळे, नारळाच्या गोड रसात बुडवायचे.

पण खरी गंमत पुढेच आहे. शान्शीच्या कोरड्या, थंड डोंगराळ भागात ओट आणि कुट्टू पिकतात. आपण चाऱ्यासाठी ओट पेरतो, त्याच्याच भाऊबंदातले ते धान्य. या पिठांना गव्हाचा चिवटपणा नाही. गव्हात एक चिकट प्रथिन असते, ते भिजले की कणीक रबरासारखी ताणली जाते. ओटात, कुट्टूत तसे होत नाही. ताणायला गेलात की तुटते. मग तिथल्या बाया काय करतात? कुट्टूचे पीठ भिजवून चुलीवरच्या भांड्यावर लाकडी दाबयंत्र ठेवतात आणि उकळत्या पाण्यातच शेवई पाडतात. आपण कुरडईचा शिजवलेला चीक सोऱ्यातून घालतो ना, तीच युक्ती. ओटाचे पीठ मात्र कढत पाण्यात भिजवून दोन्ही तळव्यांत वळतात. दोन्ही टोकांना निमुळत्या अशा त्या वळ्यांना तिथे ‘मासोळ्या’ म्हणतात. वाफवायच्या आणि कालवणाबरोबर खायच्या.

आता सांगा, ही शेंगोळी नाहीत तर दुसरे काय?

हे ज्ञान जुने आहे. चीनमधल्या लाजिया या ठिकाणी उत्खननात पालथ्या पडलेल्या वाडग्याखाली सुमारे ४,००० वर्षांपूर्वीची शेवई सापडल्याचे २००५ साली जाहीर झाले. ती राळा आणि वरीच्या जातीच्या भरडधान्याची असल्याचे संशोधकांनी सांगितले. त्यावर इतर जाणकारांनी विचारले, की चिवटपणा नसलेल्या या पिठाचा इतका लांब धागा निघाला कसा? विद्वानांना पडलेले हे कोडे आपल्या आजीच्या ओळखीचे आहे. हुलग्याचे पीठ तुटते, म्हणून ती त्यात मूठभर कणीक मिसळते आणि शेंगोळे आखूडच वळते.

नव्या सुनांसाठी रीत सांगतो. हुलगे थोडे भाजून दळून आणा. दोन वाट्या पिठाला अर्धी वाटी कणीक घ्या. वाटलेला लसूण, जिरे, तिखट, हळद, मीठ घालून घट्ट भिजवा. तळहाताला तेल लावून करंगळीहून बारीक वळ्या करा. पातेल्यात लसणाची झणझणीत फोडणी देऊन सहा वाट्या पाणी उकळा. उकळी मोडू न देता थोडी थोडी शेंगोळी सोडा. परात विसळलेले पाणीही त्यातच ओता, रस दाट होतो. झाकण ठेवून वीसएक मिनिटे शिजवा. वरून कच्चे तेल आणि शेजारी कांदा.

शंभर ग्रॅम हुलग्यात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. गाडीवरच्या मैद्यात त्याच्या निम्मीच. पण घरात हुलगाच नसेल तर शेंगोळी वळायची कशाची? ऊस आला, सोयाबीन आले आणि हुलगा बांधावरूनही हटला. हलक्या रानात, कमी पावसावर येणारे आणि मुळांच्या गाठींनी जमिनीला नत्र देणारे हे पीक. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने त्याचे ‘सीना’ आणि ‘माण’ असे वाण दिले आहेत. त्यातली सीना म्हणजे नागापूरजवळून वाहणारी आपलीच नदी! आपल्या नदीच्या नावाचे बियाणे आपल्याच शिवारात नसावे, हे बरे दिसत नाही.

तेव्हा यंदा मुरमाड तुकड्यात चार पाभरी हुलगा टाका. आणि नातवाला गाडीवरून ओढून आणू नका. त्याला पाटावर बसवा, हातात पिठाचा गोळा द्या आणि म्हणा, ‘चीनमधली पोरंसुद्धा अशीच वळतात, बघू तुला जमतं का!’ स्वतः वळलेले शेंगोळे पोर ताटात टाकून उठायचे नाही.