विसाव्या शतकांतील तोफा

तोफ हा शब्द कानीं पडतांच आपल्या डोळ्यांपुढें किल्ल्याच्या बुरुजावर विसावलेली एखादी जुनी तोफ उभी राहते. १५४९ सालीं अहमदनगर येथें ओतलेली व आज विजापुरास असलेली मुलूखमैदान तोफ त्यांतलीच. अशा तोफेचा गोलंदाज ज्यावर नेम धरी, तें लक्ष्य त्यास बहुधा डोळ्यांनीं दिसत असे. विसाव्या शतकांत ही गोष्ट पालटली. तोफ डोंगराआड गेली, लक्ष्य क्षितिजापलीकडे गेलें, आणि दोहोंस जोडणारें उरलें तें गणित. हा पालट कसा घडला व त्यांत कोणकोणत्या जातींच्या तोफा वापरांत आल्या, हें आमच्या विद्यार्थ्यांस थोडक्यांत सांगावें, असा आमचा हेतु आहे.

पहिली अडचण धक्क्याची होती. गोळा पुढें सुटतांना तोफ मागें रेटली जाते, हा न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचाच प्रकार होय. जुनी तोफ प्रत्येक बारास चाकांसकट मागें सरे, व ती पुन्हां जागीं ढकलून नवा नेम धरावा लागे. १८९७ सालच्या फ्रेंचांच्या ७५ मिलिमीटर तोफेंत मात्र नळी तेवढी मागें सरके आणि तेल व दाबलेली हवा यांच्या योगानें आपोआप पूर्वस्थळीं येई. गाडा जागचा हालत नसे. त्यामुळें कसलेले गोलंदाज मिनिटास पंधरा बार सहज काढूं लागले. पुढील बहुतेक मोठ्या तोफांनीं हेंच तत्त्व उचललें.

तोफांच्या मुख्य जाती गोळ्याच्या मार्गावरून ओळखाव्या. मुलानें चेंडू यष्ट्यांवर नेम धरून फेकला म्हणजे तो जवळजवळ सरळ जातो. तोच भिंतीपलीकडील सोबत्यास द्यावयाचा तर उंच उडवावा लागतो. लांब नळीची तोफ, जिला 'गन' म्हणतात, ती पहिल्या रीतीनें मारा करते. तिच्या गोळ्याचा वेग मोठा, मार्ग सपाट व पल्ला लांब. हॉविट्झरची नळी त्या मानानें आंखूड. तिचा गोळा उंच चढून टेकडीपलीकडे किंवा तटाच्या आंत वरून पडतो. उखळी तोफेचें तोंड तर बहुतेक आकाशाकडेच असतें. तिचा पल्ला थोडा, पण गोळा उभाच खालीं येतो.

हॉविट्झरचें सामर्थ्य जगास १९१४ च्या ऑगस्टांत कळून आलें. बेल्जममधील लीएज शहराभोंवतीं बारा भक्कम किल्ले होते. जर्मनांनीं त्यांवर ४२ सेंटिमीटर व्यासाच्या हॉविट्झर तोफांतून सुमारें ८०० किलो वजनाचे कुलपी गोळे टाकले. १५ ऑगस्ट रोजीं एक गोळा लोंसँ किल्ल्याच्या दारूकोठारांत शिरला, आणि सुमारें ३५० शिपाई तेथेंच गाडले गेले. पुढें दोन्ही पक्ष खंदकांत शिरले, तेव्हां १९१५ सालीं विल्फ्रेड स्टोक्स या इंग्रज यंत्रज्ञानें अगदीं साधी उखळी तोफ तयार केली. एक नळी, दोन पाय व खालीं एक पत्रा, इतकाच तिचा पसारा. गोळा तोंडांतून आंत सोडावा, तो तळाच्या खिळीवर आपटावा, आणि लगेच उडावा!

आतां शत्रूची तोफ दिसत नाहीं, तर ती हुडकावी कशी? येथें भूमिति कामास आली. ठराविक अंतरांवर ध्वनिग्राहक यंत्रें मांडीत. तोफेचा आवाज सेकंदास सुमारें ३४० मीटर वेगानें येतो. तो एका यंत्रास आधीं व दुसऱ्यास मागाहून पोंचे. वेळांतील या फरकांवरून तोफेची जागा नकाशावर निघे. ब्रिटिश सैन्यांत ही रीत लॉरेन्स ब्रॅग या तरुण शास्त्रज्ञानें सिद्धीस नेली. १९१५ सालीं, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, त्यास पित्यासह पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच वर्षीं तोफखान्यांत असलेला त्याचा धाकटा भाऊ रॉबर्ट गॅलिपोलीच्या लढाईंत पडला.

याच गणिताचें दुसरें रूप १९१८ च्या मार्चांत दिसलें. जर्मनांनीं सुमारें १२० किलोमीटरांवरून पॅरिस शहरावर गोळे टाकण्यास आरंभ केला. गोळा सुमारें ४० किलोमीटर उंच चढे, व तो आकाशांत असतां पृथ्वी किती फिरेल हेंही हिशेबांत धरावें लागे. इतकी विद्या खर्चूनही शहराहून लहान लक्ष्यावर त्या तोफेचा नेम धरतां येत नसे. २९ मार्च, उत्तम शुक्रवारीं, सेंट जर्व्हे मंदिरांत उपासना चालली असतां एका गोळ्यानें छप्पर कोसळलें व सुमारें नव्वद माणसें मेलीं. तोफेजवळ उभे असलेल्यांस ना मंदिर दिसलें, ना किंकाळी ऐकूं आली.

दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिशांची २५ पौंडी तोफ गन व हॉविट्झर ही दोन्ही कामें करी. जर्मनांची ८८ मिलिमीटर विमानविरोधी तोफ रणगाड्यांवरही चालली. रशियनांनीं १९४१ पासून मोटारलॉरीवरून कात्युशा अग्निबाणांचा भडिमार केला. अलीकडे १९९९ च्या कारगील युद्धांत डोंगरमाथ्यांवरील ठाण्यांवर भारतीय सैन्याच्या १५५ मिलिमीटर बोफोर्स हॉविट्झरांनीं मारा केला. या विद्येचें भारतीय सैन्याचें विद्यालय आपल्या नाशिकजवळ देवळालीस आहे.

विद्यार्थिमित्रहो, कोन, वेग व काळ यांचें जें गणित तुम्ही वर्गांत सोडवितां, तेंच ब्रॅगच्या हातीं होतें व तेंच पॅरिसवर गोळा टाकणाऱ्यांच्याही हातीं होतें. गोळा कोठें पडेल हें गणित सांगतें. तो तेथें पडावा कीं नाहीं, हें सांगत नाहीं. तें मनुष्याच्या विवेकानेंच ठरवावें लागतें. आमच्या शाळेंतील कोणी उद्यां सैन्यांत जातील, कोणी कारखान्यांत यंत्रें घडवितील. ज्याच्या कामाचा परिणाम त्याच्या दृष्टीआड घडतो, त्यानें पलीकडील माणसाचें स्मरण अधिकच ठेवावें, एवढेंच आमचें त्यांस व त्यांच्या पालकांस सांगणें आहे.