काळाला पडलेली घडी

दोन बिंदूंमधील सर्वांत कमी अंतर म्हणजे सरळ रेषा, हा भूमितीचा पहिला पाठ. अमेरिकन लेखिका मॅडेलिन लेंगल यांची १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘अ रिंकल इन टाइम’ ही कादंबरी या पाठालाच आव्हान देते.

झग्याचा काठ दोन्ही हातांनी ताणून धरला आहे आणि एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे मुंगी निघाली आहे, अशी कल्पना करावी. तिच्या दृष्टीने ही वाट लांबची. मात्र, दोन्ही हात जवळ आणून कापडाला घडी घातली, की मुंगी क्षणात पलीकडे पोहोचते. मुंगीचा वेग वाढलेला नसतो. अंतरच नाहीसे झालेले असते. कादंबरीतील पात्रे अवकाशाला आणि काळाला अशीच घडी घालून एका विश्वातून दुसऱ्या विश्वात जातात. या प्रवासाला तेथे ‘टेसरॅक्ट’ म्हटले आहे. गणितात या शब्दाचा अर्थ चार मितींचा घन असा आहे. लेंगल यांनी तो पाचव्या मितीसाठी वापरला. अवकाश वाकू शकते, हे आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धान्ताने त्यापूर्वीच सांगितले होते. दोन दूरच्या ठिकाणांना जोडणाऱ्या सेतूची गणिती शक्यता आइन्स्टाइन आणि रोझेन यांनी १९३५ मध्ये मांडली होती. तशा मार्गाने माणसाला प्रवास करता येईल, याचा पुरावा मात्र आजही नाही.

कादंबरीचे मोल केवळ या कल्पनेत नाही. मेग ही चष्मा लावणारी, चिडखोर, शाळेत कोणाशीही न जुळणारी मुलगी. तिचे शास्त्रज्ञ वडील बेपत्ता आहेत. धाकटा भाऊ चार्ल्स वॉलेस आणि मित्र कॅल्व्हिन यांच्यासह ती त्यांच्या शोधात निघते आणि कॅमाझॉट्झ या ग्रहावर पोहोचते. तेथे सारी घरे एकसारखी आहेत. अंगणातील मुलांचे चेंडूही एकाच तालात उसळतात. ‘इट’ नावाचा एक प्रचंड मेंदू साऱ्यांच्या वतीने विचार करतो. दुःख नाही, कारण वेगळेपण नाही. शीतयुद्धाच्या काळात लिहिलेल्या या चित्रणात हुकूमशाहीची छाया दिसते. पण ठरावीक साच्याच्या सुखी जीवनालाही ते तितकेच लागू पडते.

वडील सापडतात, पण सगळे प्रश्न सोडवितात असे नाही. त्या मेंदूच्या ताब्यात गेलेल्या भावाला मागे ठेवून त्यांना निसटावे लागते. वडील सर्वसमर्थ नसतात, हे कटू सत्य मेगला पचवावे लागते. अखेर ती एकटीच परत जाते. बुद्धीच्या बळावर त्या मेंदूला हरविणे अशक्य असते. त्याच्यापाशी नसलेली एकच गोष्ट तिच्याजवळ असते, ती म्हणजे भावावरील प्रेम.

पंचवीसहून अधिक प्रकाशकांनी हे हस्तलिखित परत पाठविले होते. ते मुलांसाठी की मोठ्यांसाठी, हेच त्यांना उमगत नव्हते. पुढे १९६३ मध्ये या कादंबरीला अमेरिकेतील बालसाहित्याचे मानाचे न्यूबेरी पदक मिळाले. लेंगल यांचे २००७ मध्ये निधन झाले. २०१८ मध्ये डिस्नेने कादंबरीवर चित्रपट काढला. ग्रहांमधील अंतर घडी घालून मिटविता येते, पण माणसामाणसांतील अंतर ओलांडायला स्वतःच चालावे लागते, हे या कादंबरीचे सांगणे आजही जुने झालेले नाही.