उन्हाळ्यातील दिवसासाठी गेरलाँचे ‘व्हेटिव्हर’

ग्रीष्मातील प्रखर दुपारी, जेव्हा अगरू-कस्तुरीसारखे उष्ण प्रकृतीचे सुगंध अंगावर असह्य होतात, तेव्हा पुरुषांनी जे हरित व शीतल सुगंध जवळ करावेत, त्यांत पॅरिसच्या गेरलाँ या जुन्या पेढीचे ‘व्हेटिव्हर’ मला निःसंशय अग्रगण्य वाटते. जाँ-पॉल गेरलाँ यांनी ते १९५९ साली सिद्ध केले. प्रथम लिंबू व बर्गमॉट यांचा तजेला, मागोमाग जायफळ-मिऱ्यांचा कोरडा तिखटपणा, आणि अखेरीस, त्वचेच्या उबेने फळांची हलकी तेले उडून गेल्यावर, तंबाखूच्या पानाची छाया घेऊन उरणारा वाळ्याच्या मुळांचा मातकट, हिरवा दरवळ, असा त्याचा क्रम आहे. वाळ्याच्या तेलातील रेणू जड असल्यामुळे ते सावकाश उडते, आणि म्हणूनच हा शेवटचा, माझ्या मते सर्वांत मौल्यवान, भाग तासन्‌तास टिकतो. माठात वाळ्याची जुडी सोडून पाणी पिणाऱ्या आपल्या लोकांस हा गंध परका वाटण्याचे कारण नाही. कचेरीत जाताना दोन फवारे पुरेत. खरेदीपूर्वी मात्र केवळ कागदी पट्टीवर विसंबू नये, मनगटावर लावून निदान दोन तास थांबावे, ही आग्रहाची शिफारस.